फणसे सरांचं वजन

"तोलायची गोष्ट असेल तर मला विचारा!" असं काळुराम भोईर टेंभी नाक्यावर उभं राहून सांगत, तेव्हा हसायची कोणाची छाती होत नसे. कारण माणूस खोटं बोलत नव्हता. बापजाद्यांची खाडीकाठी मिठागरं. काळुराम रांगायला लागले ते मिठाच्या राशीत, आणि उभे राहिले ते तराजूची दोरी धरून! पुढे जमिनींना भाव आला, काळुरामांच्या अंगावर कोट आला, आणि कोटामागोमाग कन्याशाळेच्या मंडळाचं अध्यक्षपदही आलं. तरी जुनी सवय सुटेना. नवा माणूस भेटला की रामराम करता करता ते त्याला डोळ्यांनी तोलत, आणि "दीड मण, वर थोडं," असं मिशीत पुटपुटत. अंगातलं वजन एका नजरेत आणि गावातलं वजन दोन नजरांत! दोन्हींत हातखंडा.

असा हा माणूस वजनाच्याच बाबतीत फसावा, हा दैवाचा चावटपणाच म्हणायचा.

त्याचं असं झालं. कन्याशाळेत सरोज टिपणीस नावाच्या भूगोलाच्या बाई होत्या. अंगाने काडी, आवाजाने घंटा. सुट्टी लागली की इतर बायका माहेरी जात, या मुंबईला विद्यापीठाच्या ग्रंथालयात जात आणि परदेशी नियतकालिकांच्या ढिगाऱ्यात स्वतःला पुरून घेत. विषय होता तौलनिक शिक्षण. म्हणजे कोणत्या देशात पोरांना कसं शिकवतात ते एकमेकांशेजारी ठेवून बघायचं. पण बाईंनी त्याच्याही पुढे उडी मारली होती. शाळा बघणारे जे पंडित, त्यांनाच त्या बघत बसल्या होत्या! कोण कोणत्या देशावर लिहितो, कोण कोणाचा दाखला देतो, कोणाचं मत किती जण उचलतात, हे सगळं पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. ते बाई वेचत होत्या. आडनाव टिपणीस, आणि धंदा तळटिपांचा! मिठागरात एकेक कणी निवडायला बसावं, तसलं काम. काळुरामांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं; पण चिकाटी कळत होती, आणि तिच्यापुढे ते मनातल्या मनात कोट काढून उभे राहत.

शिवाय त्यांनी नाक्यावर शब्द देऊन ठेवला होता. "आमच्या बाई लंडनला जाणार! वर्षभर! शिष्यवृत्तीवर!"

शिष्यवृत्ती एकच होती, आणि तिच्या दाराशी एकच माणूस बसला होता. प्रोफेसर पंढरीनाथ फणसे. बाईंचे मार्गदर्शक. त्यांनी शिफारशीवर सही केली तर बाई बोटीत, नाहीतर पुन्हा नाइलच्या उगमाशी, इयत्ता सहावी 'ब'त.

एका दुपारी बाई अध्यक्षांच्या खोलीत आल्या.

"शेठ, रविवारी शाळेचं पटांगण मिळेल? फणसे सर येतायत. माझं काम चार लोकांसमोर मांडायला सांगितलंय. ते ऐकूनच सहीचं काय ते ठरवणार."

"पटांगण काय, अख्खी शाळा घ्या! पण मांडणार काय, ते सांगून ठेवा. नाक्यावर लोक विचारतात."

"सोपं आहे. या क्षेत्रात कोणाचं वजन किती, ते मी काढलंय."

काळुरामांचे कान ताठ झाले. "वजन?"

"हो. सगळ्यांचं. फणसे सरांचंसुद्धा."

"सरांचं? लोकांसमोर?"

"लोकांसमोरच. लपवून काढलं तर त्याला शास्त्र कोण म्हणेल?"

"तेही खरंच. आणि काढता कशात?"

"पुस्तकांत," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कशात काढणार, शेठ?"

बाई गेल्या, आणि काळुरामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तौलनिक! तोलायचं म्हणून तौलनिक! ग्रंथतुला! गेल्या साली एका पुढाऱ्याची गुळाने तुला झालेली त्यांनी पाहिली होती. गूळ मुंग्यांनी अर्धा खाल्ला आणि पुढाऱ्यांनी उरलेला. पण हे काय सुरेख! एका पारड्यात विद्वान, दुसऱ्यात विद्या! आणि तराजू? ठाण्यात काळुराम भोईरांच्या तराजूएवढा तराजू आहे कोणाकडे?

संध्याकाळपर्यंत टेंभी नाक्याला माहीत झालं, रात्रीपर्यंत कळव्याच्या पुलापलीकडे.

आता प्रश्न पुस्तकांचा. किती जमवायची? काळुरामांनी सरांना पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना जिन्यात गाठलं.

"बाई, सरांचं वजन साधारण किती भरेल हो?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? फारच कमी निघालं. दिसतं तेवढं अजिबात नाही."

"दिसतं तेवढं नाय?"

"बरंचसं त्यांनी स्वतःच स्वतःचं वाढवलंय."

काळुराम गार. म्हणजे काय, सदऱ्याआत कापूस भरतात की काय हा माणूस? पण मोठ्यांच्या खोडी मोठ्या. "बरं बरं. मी कोणाला बोलत नाय," असं म्हणून त्यांनी हिशेब केला: किडकिडीत प्राणी, सव्वा मण डोक्यावरून पाणी. मुख्याध्यापिका मंदाकिनीबाईंकडून त्यांनी ग्रंथालयाचं एक कपाट मागून घेतलं, वर भर म्हणून घरच्या खुंटीवरचं पंचांग उचललं.

"आवो, ह्यो काय चालवलाय तुमी?" गोदाबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. "पंचांग कुठं नेताव?"

"तुलेला. विद्येचंच पुस्तक ना ते?"

"आनि येकादशी कवा हाय ते मी त्या सरांना विचारू काय?"

रविवार उजाडला. पटांगणात तीन वाशांची घोडी उभी राहिली, तिला मिठागराचा तो अवाढव्य तराजू टांगला. पारड्यांना झेंडूच्या माळा, दांडीला आंब्याचे डहाळे, कडेला ताशेवाले. शाळेचा शिपाई विठ्ठल पारड्यातलं उरलंसुरलं मीठ पुसत होता. तेवढ्यात बाई आपला जाडजूड प्रबंध छातीशी धरून फाटकातून आत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"शेठ, हे काय?"

"तराजू."

"ते दिसतंय! कशाला?"

"आता घ्या! तुम्हीच बोललात ना? सरांचं वजन काढायचं. पुस्तकांत. लोकांसमोर!"

बाई पायरीवर मटकन बसल्या. काळुरामांना वाटलं, आनंदाने बसल्या. मग त्यांनी बाईंचा चेहरा पाहिला.

"अहो शेठ, वजन म्हणजे ते वजन नाही! वजन म्हणजे... नाक्यावर तुमचं आहे ना, ते! तुम्ही बोललात की चार माणसं ऐकतात, ते! एखाद्याचा दाखला कितीजण देतात त्यावरून मी ते मोजलंय. इंग्लंडचा पंडित जर्मनीवर लिहितो, अमेरिकेचा इंग्लंडवर. इकडचे आपण सगळे त्या दोघा-तिघांचे दाखले देतो. आणि आपला दाखला तिकडे कोणी द्यायचा, तर नाव नाही! वर्षानुवर्षांचे अंक चाळले. सगळा ओघ तिकडून इकडे."

काळुरामांनी डोकं खाजवलं. "म्हणजे आपण सगळ्यांच्या लग्नाला, आणि आपल्याकडे बारशालाही कोण नाय?"

बाईंनी मान वर केली. एवढ्या संकटातही त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि प्रबंधाच्या कव्हरावर ते वाक्य टिपून घेतलं. हाडाच्या टिपणीस!

"पण मंग सरांचं वजन कमी, म्हणजे..."

"म्हणजे सरांचा दाखला देतात फणसे सर. त्यांच्या लेखाखाली बघावं तर फणसे, फणसे, पुन्हा फणसे. परदेशातून फक्त एक."

"आणि हे तुम्ही त्यांच्यासमोर बोलणार होतात? सहीच्या आधी?"

"शेवटी. हळूच. त्या प्रकरणात त्यांचं एकट्याचं नाही, सगळ्यांचंच आहे."

काळुरामांनी आजूबाजूला पाहिलं. "बाई, ऐका माझं. लंडनचा सवाल हाय. त्या एकाचे दहा करा. कोण मोजायला जातंय?"

"शेठ, मीठ तोलताना तुम्ही कधी काटा मारलात?"

"मी?" काळुरामांच्या मिशा उभ्या राहिल्या. "भोईरांच्या काट्याला आजवर कोणाचं बोट लागलं नाय!"

"मग माझ्या काट्याला का लावता?"

मिठागरवाल्या भोईराला त्याच्याच तराजूवर असं चीत केलेलं ठाण्याने आजवर पाहिलं नव्हतं. 'बाई काडी नाय, लोखंड हाय,' त्यांनी मनात नोंद केली. मग मोठ्याने म्हणाले, "विठ्ठल! तराजू उतरव!"

पण तेवढ्यात फाटकाशी टांगा थांबला. टांगा थांबला म्हणजे आधी मागे कलंडला, घोडं मागच्या दोन पायांवर उचललं गेलं, आणि मग प्रोफेसर फणसे उतरल्यावर सगळं पूर्ववत झालं. काळुरामांनी नेहमीच्या सवयीने नजर टाकली. अडीच मण! एक शेर कमी नाही! आणि त्यात कापसाचा धागाही नव्हता.

सरांनी तराजू पाहिला. माळा पाहिल्या. बाजूची पुस्तकं पाहिली. त्यांच्या गोल चेहऱ्यावर पौर्णिमा उगवली.

"तुला? ग्रंथतुला? माझी?" त्यांनी रुमाल काढला. "टिपणीसबाई, अहो, मुंबईत इतकी वर्षं शिकवतोय, तिथे खुर्चीसुद्धा धड देत नाहीत!"

आता या माणसाला 'चूक झाली, खाली बसा' कोण सांगणार? बाईंनी काळुरामांकडे पाहिलं. काळुरामांनी ताशेवाल्यांकडे पाहिलं. ताशेवाल्यांना वाटलं, खूण झाली. तड् तड् तड् तड्!

सर पारड्यात मांडी घालून बसले. वासे कुरकुरले, पण भोईरांचे वासे! टिकले. दुसऱ्या पारड्यात विठ्ठल पुस्तकं रचू लागला. इतिहास झाला, गणित झालं, संस्कृत झालं, गोदाबाईंचं पंचांगही झालं. कपाट संपलं. सर जमिनीवर जसेच्या तसे, गणपतीसारखे स्थिर!

"आणखी आणा!" काळुराम ओरडले.

दुसरं कपाट आलं. तिसरं आलं. सर हलेनात. मग ठाणं पेटलं! आपल्या गावात विद्या कमी पडली असं उद्या मुलुंडवाले म्हणतील की काय? शेजारच्या वकिलांनी कायद्याची पुस्तकं पाठवली. डॉक्टरांनी हाडांचं एक पुस्तक दिलं, त्यातून सांगाड्याचं चित्र पडलं तेव्हा दोन बायका किंचाळल्या. स्टेशनवरून कोणी रेल्वेचं वेळापत्रक आणलं. मुलींनी घरून दप्तरं आणून रिकामी केली. सोमवारच्या गृहपाठातून सुटका होईल या आशेने, पण देणगी ती देणगी. पारडं थरथरलं, किंचित उचललं, सरांच्या बुडाखालून एक उंदीर निसटावा एवढी फट पडली आणि पुन्हा सर खाली!

"थोडक्यात राहिलं!" गर्दी हळहळली.

सरांनी मान वळवली. "टिपणीसबाई, तुमच्या हातात काय आहे ते? बरंच जड दिसतंय. ठेवा की!"

बाई पांढऱ्याफटक. "सर, हे... हे नको."

"अहो, संकोच कसला? ठेवा, ठेवा!"

काळुराम पुढे झाले. "सर, ते कच्चं हाय! अजून सुकलं नाय!"

"ज्ञान कधी कच्चं नसतं!" सर म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या पडलेल्या वाक्यापुढे कोणाचं काही चालत नाही. बाईंनी डोळे मिटले आणि प्रबंध पारड्यात ठेवला.

धप्प! पुस्तकं खाली, फणसे सर वर! अगदी रुक्मिणीचं तुळशीपान! ताशे, टाळ्या, झेंडूची फुलं! काळुरामांच्या अंगावर काटा आला. दाखल्यांची एकेक कणी वेचून जमवलेला ढीग, आणि त्याने अडीच मणांचा प्रोफेसर उचलला! क्षणभर ते शिष्यवृत्ती विसरले, सही विसरले. 'ही आमची बाई!' असं ओरडावंसं त्यांना वाटलं.

वरून सर म्हणाले, "पाहू, पाहू! मला उचलणारा ग्रंथ तरी कोणता?"

विठ्ठलने आज्ञाधारकपणे प्रबंध उचलला. सर धाडकन जमिनीवर! विठ्ठलने घाबरून परत ठेवला. सर पुन्हा वर! पुन्हा उचलला, पुन्हा धाडकन!

"अरे, काय जोजवतोस मला?" सर ओरडले. "एकदा काय ते ठरव!"

"सर," विठ्ठल काकुळतीने म्हणाला, "ह्ये वाचायचं तर खाली यायला लागतंय. वर ऱ्हायचं तर वाचता येत न्हाई!"

सर खालीच राहिले. मांडीवर प्रबंध घेतला. विद्वान माणूस पुस्तक कुठून उघडतो? पाठीमागून! जिथे नावांची सूची असते तिथून! आणि बाई पडल्या नीटनेटक्या. सूची चोख केली होती. सरांचं जाड बोट 'फ'वर थांबलं, पान सापडलं, चष्मा नाकावर चढला.

"वाजवा!" काळुराम ताशेवाल्यांवर खेकसले. "जोरात!"

तड् तड् तड् तड्! सरांनी हात वर केला. ताशे थांबले. पारड्यातलं पंचांग वाऱ्याने फडफडलेलं पटांगणभर ऐकू आलं.

"टिपणीसबाई."

"सर."

"हे आकडे बरोबर आहेत?"

"हो, सर. पुन्हापुन्हा मोजले."

"माझे दाखले देणाऱ्यांत सगळ्यात वर मीच आहे?"

बाईंचा आवाज घंटेचा राहिला नव्हता; पण फुटला नाही. "हो, सर."

"कमी करता आले नसते?"

"नाही, सर."

काळुरामांनी डोळे मिटून कुलदेवीला नवस बोलायला सुरुवात केली.

"आणि परदेशात एकानेही माझा दाखला दिलेला नाही?"

"एकाने दिलाय, सर! पुढच्या पानावर आहे."

सरांनी घाईघाईने पान उलटलं. "कोणी? कुठल्या देशातला?"

"बेल्जियमचा."

"काय म्हणतो?"

बाई घुटमळल्या. "म्हणतो... 'फणसे यांचे हे मत चुकीचे आहे.'"

कोणाच्या तरी घशात हसू अडकलं. सर बेल्जियमच्या त्या ओळीकडे बघत राहिले. मग त्यांचे गाल हलले, मग पोट हललं, मग पारडं हललं, मग अख्खी घोडी कुरकुरायला लागली. सर हसत होते!

"वाचलं त्याने!" ते ओरडले. "ऐकलंत? चुकीचं आहे म्हणायला आधी वाचावं लागतं! बेल्जियममध्ये एका माणसाने फणसे वाचला! मला वाटत होतं माझे लेख छापखान्यातून थेट वाण्याकडे जातात. आणि हा बेल्जियमवाला हुडकला कोणी? माझ्या विद्यार्थिनीने! मला स्वतःला माहीत नव्हता!" मग ते गंभीर झाले. "बाई, क्षणभर रागच आला होता. खोटं कशाला बोलू? पण जी बाई सहीसाठी मार्गदर्शकाच्या वजनात शेरभर भर घालत नाही, तिचं बाकीचं माप खरंच असणार. आणा ती शिफारस. लंडनला जाऊन आमच्या लोकांचे दाखले द्या. तुम्ही नाही दिलेत, तर पुन्हा मलाच द्यावे लागतील!"

सही पारड्यात बसूनच झाली. बाईंनी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते, आणि काळुराम ताशेवाल्यांना उगाचच शिव्या देत होते. स्वतःच्या डोळ्यांकडे कोणी बघू नये म्हणून.

बाई बोटीत बसल्या. ठाण्यात मात्र पुस्तकं परत करण्याचा घोळ पुढे कित्येक महिने पुरला. डॉक्टरांकडे व्याकरण गेलं, वकिलांना पाककृती मिळाल्या, आणि पंचांगाचा पत्ता काही लागला नाही. गोदाबाईंनी त्या साली दोन एकादश्यांना पोळ्या खाल्ल्या आणि दोन्ही पापं नवऱ्याच्या नावावर टाकली.

वर्ष सरत आलं तेव्हा लंडनहून एक पाकीट आलं. आत बाईंचा लेख, तिकडच्या बड्या नियतकालिकात छापलेला! काळुरामांनी मंदाकिनीबाईंना घरी बोलावलं, कोट चढवला आणि लेख त्यांच्या हातात दिला. फणसे सरांचा दाखला होता. मुंबईच्या, पुण्याच्या, बडोद्याच्या किती जणांचे होते! लग्नाचं आणि बारशाचं ते वाक्यही होतं, चांगलं इंग्रजीत उतरवलेलं. आणि त्याच्या खाली, तळटीपेत—

"शेठ!" मंदाकिनीबाई जवळजवळ ओरडल्या. "यात तुमचं नाव आहे!"

"माझं? वाचा, वाचा!"

मंदाकिनीबाईंनी घसा साफ करून मराठी केलं. "'हे निरीक्षण ठाण्याचे श्री. काळुराम भोईर यांचे. विद्वानांचे वजन प्रत्यक्ष तराजूवर काढण्याची पद्धतही त्यांचीच. मात्र हा प्रयोग ठाण्याबाहेर अद्याप कोणी करून पाहिलेला नाही.'"

काळुरामांनी उपरण्याने नाक पुसलं. कोटाची गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग छाती भरून श्वास घेतला.

"विठ्ठलला सांगावा धाडा! तराजूला तेल घाल म्हणावं. आणि कल्याणात जाडा प्रोफेसर कोण हाय, तपास काढ!"

गोदाबाईंनी काही न बोलता खुंटीवरचं नवं पंचांग काढलं, पाटाखाली ठेवलं आणि त्या पाटावर बसल्या.

"जावा खुशाल," त्या म्हणाल्या. "पन आधी मला तोला!"